घातक कचरा हाताळणी व कामगार सुरक्षा प्रशिक्षण, भोसरी : ड्रमजवळ चोख, पडद्यावर शिळे

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा धातूच्या वस्तूंवर संरक्षक थर चढवण्याचा, म्हणजे झिंक प्लेटिंग, फॉस्फेटिंग आणि पावडर कोटिंगचा, छोटा कारखाना आहे. अशा कारखान्यातून निघणारा घातक कचरा डोळ्यांत भरण्याइतका नसतो. स्लजच्या, म्हणजे रासायनिक गाळाच्या, काही गोण्या, रसायनांचे रिकामे ड्रम, तेलकट चिंध्या आणि वापरून निकामी झालेले ॲसिड एवढाच त्याचा पसारा असतो. मात्र तो उचलणाऱ्या हाताला एकूण वजनाशी काही देणेघेणे नसते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्राधिकारपत्राचे नूतनीकरण तोंडावर आले होते आणि त्याच सुमारास एका मोठ्या ग्राहक कंपनीच्या ऑडिटरने कामगारांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी मागितल्या. म्हणून आम्ही परिसरातील एका खासगी संस्थेचा ‘घातक कचरा हाताळणी व कामगार सुरक्षा’ हा दोन दिवसांचा वर्ग निवडला. पहिला दिवस संस्थेच्या सभागृहात आणि दुसरा दिवस आपल्याच कारखान्यात, अशी त्याची रचना आहे. शुल्क दर माणशी साडेतीन हजार रुपये असून जीएसटी वेगळा आहे.

संस्थेचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. भोसरी, चाकण आणि रांजणगाव या पट्ट्यात असे वर्ग घेणारे बरेच जण आहेत, त्यांची माहितीपत्रके एकमेकांवरून उतरवून घेतल्यासारखी वाटतात, आणि ज्यांना असा वर्ग निवडायचा आहे त्यांना नावापेक्षा पुढील मुद्देच अधिक उपयोगी पडतील.

सुरुवात माहितीपत्रकापासूनच करावी लागेल, कारण त्यावर ठळक अक्षरांत ‘शासनमान्य प्रमाणपत्र’ असे छापलेले आहे. घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वहन) नियम, २०१६ हे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केलेले नियम आहेत. त्यातील नियम ४ नुसार प्रदूषक पदार्थ आवरून धरणे, अपघात टाळणे आणि जागेवर काम करणाऱ्यांना त्यांच्या सुरक्षिततेसाठी योग्य प्रशिक्षण, साधने व माहिती पुरवणे ही जबाबदारी भोगवटादाराची, म्हणजे आमच्यासारख्या कारखानदाराची आहे. घातक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात यांविषयीच्या १९८९ च्या नियमांतही जवळपास हीच भाषा आहे, आणि तेथे प्रशिक्षण व साधनांच्या जोडीला विषावरील उताऱ्याचाही उल्लेख आहे. परंतु प्रशिक्षण किती तासांचे असावे, ते कोणी द्यावे आणि प्रमाणपत्र कोणत्या नमुन्यात असावे, यांपैकी काहीही २०१६ च्या नियमांत ठरवून दिलेले नाही. तेव्हा प्रमाणपत्राची चौकट भिंतीवर लावली की जबाबदारी संस्थेकडे गेली, असा समज कोणी करून घेऊ नये. चौकशी झाली तर प्रश्न आपल्यालाच विचारले जातात, आणि ते कागदाविषयी कमी व ड्रमशेजारी उभ्या असलेल्या हेल्परविषयी अधिक असतात. संस्थेने तो शब्द माहितीपत्रकातून काढून टाकावा, असे आम्ही त्यांना लेखी कळवले आहे.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. हल्ली ‘चाळीस तासांचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम’ म्हणून एक ऑनलाइन वर्ग पुण्यातही विकला जातो. चाळीस तासांची ही अट अमेरिकेच्या ओशा या यंत्रणेच्या नियमातील आहे. घातक कचऱ्याने दूषित झालेल्या जागांची साफसफाई करणाऱ्या कामगारांना तेथे चाळीस तासांचे वर्गशिक्षण, तीन दिवस प्रत्यक्ष देखरेखीखालील काम आणि दरवर्षी आठ तासांची उजळणी आवश्यक असते. अट चांगली आहे, तिच्यातील उजळणीची कल्पना तर आपणही उचलावी अशी आहे. पण भोसरीतल्या प्लेटिंगच्या कारखान्याला ती कायद्याने लागू होत नाही, आणि संगणकासमोर बसून मिळवलेल्या प्रमाणपत्रात तिचा गाभा असलेले ते तीन दिवस नसतातच.

पहिल्या दिवसाचा सकाळचा भाग कायद्याचा होता आणि तो संपूर्ण वर्गातील सर्वांत कमकुवत भाग ठरला. शिकवणारे गृहस्थ कारखाना निरीक्षणाच्या कामातून निवृत्त झालेले, अनुभवी आणि सौजन्यशील होते, परंतु त्यांच्या पडद्यावरील मजकुराला बुरशी आली होती. कचऱ्याच्या वाहतुकीसोबत जाणाऱ्या मॅनिफेस्टला ते नमुना १३ म्हणत होते, डब्यावरील लेबलला नमुना १२ आणि वाहनचालकाजवळ ठेवायच्या आपत्कालीन माहितीपत्रकाला नमुना ११. हे सर्व क्रमांक २००८ च्या नियमांतील आहेत. २०१६ पासून मॅनिफेस्ट नमुना १०, लेबल नमुना ८ आणि वाहतूक आपत्कालीन पत्रक नमुना ९ झाले आहे, तर नमुना ११ आता अपघाताचा अहवाल देण्यासाठी आहे. हा केवळ आकड्यांचा घोळ नाही. एखाद्या पर्यवेक्षकाने मंडळाच्या कार्यालयात जाऊन नमुना ११ भरायचा आहे असे सांगितले, तर समोरच्या अधिकाऱ्याला कारखान्यात अपघात झाला असेच वाटेल.

साठवणुकीच्या मुदतीबाबतही असाच ढिलेपणा होता. घातक कचरा आपल्या आवारात ९० दिवसांपर्यंत ठेवता येतो, हे त्यांनी बरोबर सांगितले. मात्र वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा निर्माण करणाऱ्यांना ही मुदत आपोआप १८० दिवस होते, असेही ते सांगून गेले. वस्तुतः लहान उत्पादकांसाठी मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवण्याचा अधिकार मंडळाला आहे. ती आपण मनाने वाढवून घ्यायची नसते. आमच्यासारख्यांच्या दृष्टीने हा मुद्दा अतिशय महत्त्वाचा आहे. रांजणगावच्या सामायिक प्रक्रिया व विल्हेवाट केंद्राकडे पाठवायला गाडी भरेल एवढा माल लहान कारखान्यात पटकन जमत नाही, आणि ‘थोडा साठू द्या, मग एकदमच पाठवू’ हे वाक्य या वसाहतीत रोज कोणी ना कोणी म्हणत असते. त्या वाक्याला प्रशिक्षकाकडूनच आधार मिळणे धोक्याचे आहे.

कारखाने अधिनियम, १९४८ मधील कलमे मात्र त्यांना तोंडपाठ होती. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली या कायद्यात जी भर पडली, तिच्यामुळे धोकादायक प्रक्रियांची माहिती उघड करणे भोगवटादारावर बंधनकारक झाले, आणि कामगाराला सुरक्षिततेची माहिती मिळवण्याचा व प्रशिक्षण घेण्याचा हक्क कलम १११-अ ने मिळाला. हा इतिहास त्यांनी रंगवून सांगितला आणि समोर बसलेल्या पर्यवेक्षकांनी तो मन लावून ऐकला. परंतु व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून कारखाने अधिनियम तिच्यात सामावला गेला आहे, याचा एका ओळीचाही उल्लेख झाला नाही. जुन्या नियमांकडून नव्या व्यवस्थेकडे जाण्याच्या या काळात कोणता कागद कोणत्या नावाने ठेवायचा, हाच तर लहान कारखानदारापुढचा खरा पेच आहे, आणि पैसे देऊन वर्गाला बसणाऱ्याची अपेक्षा तो सुटावा अशीच असते.

दुपारच्या सत्रापासून चित्र बदलले. ते सत्र आणि दुसरा संपूर्ण दिवस एका रसायनशास्त्रज्ञ मॅडमनी घेतला. सांडपाणी प्रक्रियेत त्यांनी अनेक वर्षे काढली असल्याचे त्यांच्या पहिल्या प्रश्नावरूनच कळले. त्यांनी कोणालाही व्याख्या विचारली नाही. तुमच्या कारखान्यातून काय काय बाहेर पडते ते फळ्यावर लिहा, एवढेच सांगितले. आमच्या सुपरवायझरने स्लज आणि ॲसिड लिहिले आणि खडू खाली ठेवला. मग मॅडमनी २०१६ च्या नियमांतील घातक कचऱ्याची यादी, म्हणजे अनुसूची १, पुढे ठेवून तिच्यातील नोंद क्रमांकासह एकेक भर घालायला लावली. फॉस्फेटिंगच्या टाकीतला गाळ १२.५, निकामी ॲसिड व अल्कली १२.२, सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ ३५.३, वापरलेले तेल ५.१, रसायन लागलेले रिकामे ड्रम व पिशव्या ३३.१ आणि तेल-रसायन लागलेल्या चिंध्या ३३.२. शेवटच्या दोन नोंदी वाचल्यावर सभागृहात थोडी चुळबुळ झाली, कारण तेलाने चिंब झालेल्या चिंध्या कितीतरी ठिकाणी सरळ महापालिकेच्या घंटागाडीत जातात, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

ड्रमचा विषय निघाला तेव्हा मागच्या बाकावरील एका हेल्परने, बीड जिल्ह्यातून आलेल्या तरुण मुलाने, भीतभीत विचारले, “मॅडम, ड्रम दोनदा सोड्याने धुतला तर पाणी भरायला चालतो ना? आमच्या खोलीवर पाणी एक दिवसाआड येतं.” हा प्रश्न ऐकून काही जण हसले, पण मॅडम हसल्या नाहीत. चिखली, मोशी, कुदळवाडी या भागांतल्या भाड्याच्या खोल्यांसमोर निळे प्लॅस्टिकचे ड्रम ओळीने उभे असतात, आणि त्यांतला प्रत्येक ड्रम कधीकाळी कुठल्या तरी कारखान्यातून आलेला असतो. मॅडमनी एक धुतलेला दिसणारा ड्रम आणवला, त्याच्या तोंडाच्या आतील कडेवरून पांढरा बोळा फिरवला आणि पिवळसर झालेला तो बोळा सगळ्यांच्या हातून फिरवला, अर्थात हातमोजे घालायला लावून. प्लॅस्टिक रसायन शोषून घेते, आट्यांच्या खाचांत आणि बुडाच्या वळणात राहिलेला थर सोड्याने निघत नाही, आणि धुतलेले पाणी जर मोरीत गेले तर तो दुसरा गुन्हा होतो, हे त्यांनी अगदी साध्या मराठीत समजावले. त्यानंतर त्यांनी आमच्याकडे वळून विचारले की, या मुलाला पाण्यासाठी ड्रम लागतो हे कळल्यावर कारखाना काय करणार आहे. आता आमच्याकडे कामगारांसाठी खाद्यपदार्थांच्या दर्जाच्या नव्या ड्रमची खरेदी होते आणि ती सवलतीत दिली जाते. रसायनाचे रिकामे ड्रम तोंडाशी भोक पाडूनच अधिकृत पुनर्प्रक्रियाकाराकडे जातात. भंगारवाला फाटकाशी आला तरी त्याच्या हाती ते लागत नाहीत. या एका प्रश्नोत्तराने संपूर्ण शुल्क वसूल झाले असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

लेबलचा प्रयोगही लक्षात राहण्यासारखा होता. नमुना ८ प्रमाणे लेबलची पार्श्वभूमी चमकदार पिवळी हवी, ‘घातक कचरा’ आणि ‘काळजीपूर्वक हाताळा’ हे शब्द लाल रंगात हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, ठळक हवेत, आणि लेबल धुतले जाणार नाही व पावसापाण्यात टिकेल असे हवे. आम्ही संगणकावर छापून चिकटपट्टीने लावलेली लेबले मोठ्या अभिमानाने दाखवली. मॅडमनी शेजारच्या बादलीतून मगभर पाणी त्यावर ओतले आणि पुढचे बोलणे चालू ठेवले. थोड्या वेळात लाल शाई ड्रमवरून ओघळली, आणि कोणत्या तारखेपासून कचरा साठवला आहे तो रकाना तर पूर्ण पुसला गेला. ९० दिवसांचा हिशेब ज्या तारखेवर अवलंबून आहे तीच गेली, तर शेडमध्ये काय किती दिवस पडले आहे याचा ताळमेळ लागणार कसा?

मॅनिफेस्टच्या सात रंगीत प्रतींचा भाग त्यांनी लवकर आटोपला, आणि तो तसाच आटोपायला हवा होता. पांढरी प्रत मंडळाकडे, पिवळी आपल्याकडे, गुलाबी माल घेणाऱ्याकडे, नारिंगी वाहतूकदाराकडे, हिरवी घेणाऱ्याकडून मंडळाकडे, निळी घेणाऱ्याकडून परत आपल्याकडे आणि करडी माल परराज्यातून आला असल्यास पाठवणाऱ्याच्या राज्यातील मंडळाकडे. त्यांचा भर एकाच वाक्यावर होता : निळी प्रत हाती आल्याशिवाय माल पोहोचला असे समजू नका. वार्षिक विवरण नमुना ४ मध्ये ३० जूनपर्यंत भरायचे असते, आणि निळ्या प्रती नीट लावलेल्या असतील तर ते अर्ध्या तासाचे काम आहे.

कारखान्यातील दुसऱ्या दिवशी हातमोज्यांपासून सुरुवात झाली. प्रत्येकाला नायट्राइलचे हातमोजे घालायला लावून त्यावर हळद कालवलेले पाणी चोळले आणि मग हातमोजे काढायला सांगितले. बहुतेकांनी बोटांची टोके धरून ओढले आणि दुसऱ्या हाताचे मनगट पिवळे करून घेतले. मग मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरून, उलटा करत, काढलेला हातमोजा मुठीत ठेवून दुसऱ्याच्या आत बोट घालून तो कसा सोलावा, हे सगळ्यांकडून जमेपर्यंत करून घेतले. आमचा सर्वांत जुना प्लेटर, ज्याला या कामात कोणी काही शिकवलेले खपत नाही, त्याच्या हातावर हळद शेवटपर्यंत लागत राहिली, आणि अखेरीस तोच इतरांना दाखवू लागला. सुती हातमोज्यांवर मॅडमनी तेथल्या तेथे बंदी घालायला लावली, कारण सुती कापड ॲसिड शोषून कातडीला धरून ठेवते. मास्कविषयीचा त्यांचा खुलासाही मोलाचा होता. करोनापासून घरोघरी परिचित झालेला एन-९५ मास्क धूळ अडवतो, वायू अडवत नाही. ॲसिडच्या वाफांपुढे उभे राहायचे तर वायू गाळणाऱ्या योग्य काडतुसाचा रेस्पिरेटर लागतो, त्या काडतुसाला मुदत असते, आणि दाढी वाढलेली असेल तर तो चेहऱ्याला घट्ट बसत नाही. आमच्या कपाटातली निम्मी काडतुसे मुदत उलटलेली निघाली.

खरा कस लागला तो सांडपाणी टाकीपाशी. आमची गाळ साठवण्याची टाकी जमिनीखाली आहे आणि ती साफ करायला माणूस उतरवण्याची पद्धत या वसाहतीत सर्रास आहे. मॅडमनी सोबत चार वायू मोजणारे यंत्र, तिकाटणे आणि कमरपट्टा आणला होता. झाकण उघडून त्यांनी यंत्राची नळी प्रथम वरच्या थरात, मग मध्ये आणि मग तळाशी सोडली, आणि वरती नेहमीसारखा असलेला प्राणवायूचा आकडा तळाशी १९.५ टक्क्यांच्या खाली घसरलेला सगळ्यांना दाखवला. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो म्हणून वास येईपर्यंत भीती नाही, हा आमच्याकडचा सार्वत्रिक समज त्यांनी मोडून काढला. या वायूचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, आणि वास गेला म्हणून वायू गेला असे समजून माणूस पुढची पायरी उतरतो. एक जण आत कोसळला की दुसरा त्याला काढायला तसाच उडी घेतो आणि दोघेही जातात, हे वृत्तपत्रांतून आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. म्हणून त्यांनी सराव करून घेतला तो उतरण्याचा नव्हताच. वाळूचे पोते कमरपट्ट्याला बांधून ते तिकाटण्यावरून, आत कोणीही न उतरता, वर काढायचे होते. पहिल्या खेपेला दोर अडकला, आरडाओरडा झाला, आणि फिरकी फिरवणाऱ्याने ती सोडून टाकीकडे धाव घेतली. मॅडमनी फक्त त्याचा हात धरला आणि पुन्हा फिरकीकडे नेले. पुढच्या खेपेला त्याने ती सोडली नाही. परवान्याशिवाय, वायू मोजल्याशिवाय आणि वर माणूस उभा असल्याशिवाय कोणीही आत जायचे नाही, हा फलक आता टाकीच्या झाकणावरच रंगवलेला आहे. शक्यतो गाळ पंपाने बाहेरूनच काढायचा, हे त्यांचे म्हणणे खर्चाचे असले तरी रास्त आहे, आणि पंपाचे दरपत्रक आम्ही मागवले आहे.

सांडलेल्या रसायनाचा सराव त्यामानाने उरकता झाला. मात्र त्यातील एक सूचना अशी होती की, ती प्रत्येक प्लेटिंगवाल्याने फळ्यावर लिहून ठेवावी. नायट्रिक ॲसिड सांडले की हाताशी असेल तो लाकडाचा भुसा किंवा चिंध्या टाकून टिपण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि नायट्रिक हे तीव्र ऑक्सिडीकारक असल्यामुळे तोच भुसा पेट घेऊ शकतो. तेथे कोरडी वाळू वापरायची. सायनाइडचे बाथ, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणाच्या टाक्या, चालवणाऱ्या शेजाऱ्यांसाठी त्यांनी आवर्जून सांगितले की, सायनाइडचे आणि ॲसिडचे सांडपाणी एका नाल्यात आले तर प्राणघातक वायू तयार होतो, म्हणून दोन्हींचे नाले, बादल्या आणि मगसुद्धा वेगळे हवेत. रसायनाच्या सुरक्षितता माहितीपत्रकात १६ विभाग असतात. कामगाराला ते सगळे वाचून दाखवण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही. प्रथमोपचाराचा चौथा, सांडण्याविषयीचा सहावा, साधनांचा आठवा आणि विल्हेवाटीचा तेरावा विभाग मराठीत उतरवून बाथशेजारी लावा, एवढे केले तरी पुष्कळ, असा त्यांचा सल्ला होता.

पुण्याजवळील उरवडे येथे जून २०२१ मध्ये रसायनाच्या कारखान्याला लागलेल्या आगीत अनेक कामगारांचा, त्यातही प्रामुख्याने महिलांचा, मृत्यू झाला, तो प्रसंग त्यांनी बाहेर पडण्याच्या वाटांविषयी बोलताना काढला आणि आमच्याच शेडच्या मागच्या दाराला लावलेले कुलूप दाखवले. चोरीच्या भीतीने लावलेले ते कुलूप त्याच दिवशी निघाले, आणि आतून ढकलताच उघडेल असा दांडा बसवण्याचे काम सुतारावर न सोपवता फॅब्रिकेटरला दिले आहे.

एवढ्या चांगल्या कामावर शेवटच्या तासाने पाणी फिरवले. वीस वस्तुनिष्ठ प्रश्नांची लेखी परीक्षा होती, प्रश्नपत्रिका इंग्रजीत होती, आणि संस्थेचा समन्वयक उत्तरे मोठ्याने सांगत होता. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या कागदावर इतरांनी खुणा केल्या. सगळे उत्तीर्ण झाले. ज्या मुलाने ड्रमविषयी विचारले आणि ज्या प्लेटरने हातमोजे सोलायला शिकून इतरांना शिकवले, त्यांची परीक्षा त्या कागदावर झालीच नाही. मॅडमच्या हातात ती असती तर त्यांनी ड्रमसमोर उभे करून तोंडी विचारले असते, हे उघड आहे. संस्थेने हा तास पाट्या टाकण्यापुरता ठेवला आहे, आणि ऑडिटरला दाखवायला मिळणारा कागद एवढीच त्याची किंमत आहे.

भाषेची अडचणही नोंदवली पाहिजे. हाती दिलेली पुस्तिका मराठीत आहे आणि ती चांगली आहे, चित्रे स्पष्ट आहेत, धोक्याची नऊ आंतरराष्ट्रीय चिन्हे मोठ्या आकारात छापली आहेत. पण आमच्या कारखान्यातील तिसऱ्या पाळीचे निम्मे कामगार उत्तर प्रदेश आणि ओडिशातून आलेले आहेत, आणि त्यांच्यासाठी हिंदी पुस्तिका नव्हती. मॅडम बोलताना सहज हिंदीत वळत होत्या म्हणून वेळ निभावली. ठेकेदाराच्या माणसांचा प्रश्न त्याहून बिकट ठरला. प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरी कोण देणार यावर ठेकेदाराने हात वर केले, तेव्हा ती आम्ही दिली. कचऱ्याच्या गोण्या प्रत्यक्ष उचलतात ते हेच लोक. त्यांनाच वगळून पर्यवेक्षकांना वातानुकूलित सभागृहात बसवायचे, हा या वसाहतीतला नेहमीचा शिरस्ता आहे, आणि संस्था अशा तुकड्या बिनदिक्कत स्वीकारते. तिने निदान एवढी अट घालावी की, प्रत्यक्ष हाताळणी करणाऱ्यांची नावे यादीत असल्याशिवाय दुसऱ्या दिवसाचा वर्ग होणार नाही.

सोयींबद्दल तक्रार नाही. सभागृह स्वच्छ आहे, वाहने लावायला जागा आहे, दुपारचे जेवण साधे पण गरम होते, आणि सकाळच्या मिसळीबद्दल आमच्या लोकांचे मत कायद्याच्या सत्रापेक्षा बरेच अनुकूल आहे. पावती व जीएसटीचे बिल वेळेवर मिळाले. प्रशिक्षणाची उपस्थिती, विषय आणि छायाचित्रे यांची फाइल संस्थेने आठवड्याभरात दिली, ती नूतनीकरणाच्या अर्जासोबत जोडता आली.

एकंदरीत पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत असा हा वर्ग आहे, आणि ते जवळजवळ सगळे पहिल्या दुपारचे आणि दुसऱ्या दिवसाचे आहेत. ज्यांच्याकडे बाथ, सांडपाणी प्रक्रिया आणि साठवणुकीची शेड आहे त्यांनी कारखान्यातील दिवसासह तो अवश्य घ्यावा. नुसता सभागृहातला दिवस स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. ठरवताना प्रशिक्षक कोण येणार हे नावानिशी लिहून घ्यावे, सादरीकरणाची प्रत आधी मागून त्यात मॅनिफेस्टचा नमुना क्रमांक पाहावा, आणि वायू मोजण्याच्या यंत्राचे कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकता तपासल्याचे, प्रमाणपत्र बघावे. आमच्या पुढच्या तुकडीसाठी आम्ही दोन गोष्टी मागितल्या आहेत : वर्ग तिसऱ्या पाळीच्या वेळेत, रात्री, कारखान्यातच व्हावा आणि लेखी परीक्षेऐवजी ड्रम व टाकीजवळ तोंडी चाचणी व्हावी. रात्रीच्या वर्गाला संस्थेने थोडे जादा शुल्क सांगून होकार दिला आहे. परीक्षेबाबत ‘मुख्य कार्यालयाला विचारून कळवतो’ असे उत्तर आले आहे.